मैनाबाईच्या कार्डावर गंगाबाई

पनवेलच्या मासळी बाजारात कोळणींचा एक कायदा आहे. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, पण पाळला जातो छापलेल्या कायद्यांपेक्षा जास्त. ज्या बाईनं मत दिलं नाही, तिनं पुढच्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकाला शिव्या द्यायच्या नाहीत. बस्स. नळ कोरडा पडो, गटार तुंबो, पत्र्याला भोक पडो. मत दिलेल्या बायांनी पदर खोचून पुढं व्हायचं आणि न दिलेलीनं मागं उभं राहून नुसती मान हलवायची.

जनी नावाची एक कोळीण मागे भाचीच्या हळदीला उरणला गेली आणि तिचं मत राहिलं. झालं! पाच वर्षं बाई मुकी. एकदा गटाराचं पाणी थेट तिच्या पाटीत शिरलं, बोंबील पोहायला लागले, तरी ती बिचारी कपाळाला हात लावून एवढंच म्हणाली, "मी काय बोलू गो, मी हळदीला गेलती." शेवटी तिच्या वाटच्या शिव्या मैनाबाईनं दिल्या. दुप्पट दिल्या. निम्म्या स्वतःच्या मताच्या आणि निम्म्या जनीवर दया म्हणून.

मैना बुधाजी नाखवा म्हणजे शिव्यांच्या बाबतीत बाजाराची पट्टराणी. वय सहासष्ट, दात चौदा, पण जिभेला वय नाही. नवरा बुधाजी गेल्याला अकरा वर्षं झाली. बाई एकटी राहते, पहाटे धक्क्यावरून माल आणते, दुपारपर्यंत विकते, आणि मधल्या वेळेत पालिकेचा उद्धार करते. तिच्या शिव्यांत एकही घाणेरडा शब्द नसतो बरं का! ती नगरसेवकाला म्हणायची, "तुज्या घरच्या लग्नात पापलेटाला काटंच काटं निघोत." ऐकणारा हसायचा, आणि ज्याला उद्देशून असायचं तो दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवायचा. एकदा खरंच पाठवला होता.

तर अशा बाईचं नाव मतदार यादीतून जायची वेळ आली. ती का आली हे कळायला बावीस वर्षं मागं जावं लागेल, आणि तिथं भेटेल गंगाबाई.

गंगाबाई गणू कोळी. मैनाबाईची घराला घर लागून शेजारीण, बाजारातही शेजारीण. दोघी एकाच वर्षी कोळीवाड्यात सुना म्हणून आल्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीनं भाकऱ्या थापल्या. बाजारातली बसायची जागा सासूकडून सुनेकडं येते. तशी गंगाबाईला नळाजवळची कोपऱ्यातली जागा मिळाली आणि मैनाबाईला तिच्या बाजूची. दुसरीच्या जागेवर बसणं म्हणजे कोळणीत महापाप. नवरा वाटून घ्या म्हटलं तर एखादी विचार करेल, जागा नाही.

एका सकाळी मैनाबाईच्या जागेवर वरच्या पत्र्यातून टपटप पाणी गळत होतं. गंगाबाई अजून आली नव्हती. मैनाबाई म्हणाली, अर्धा तास बसते, आली की उठते. बसली गंगाबाईच्या कोपऱ्यात. गंगाबाई आली. बघितलं. एक अक्षर बोलली नाही. हेच वाईट होतं.

त्याच दिवशी दुपारी शाळेत मतदार कार्डाचे फोटो काढणार होते. एक मास्तर यादीतून नाव वाचायचे, बाई पुढं जाऊन स्टुलावर बसायची, कॅमेरावाला बटण दाबायचा. मास्तरांनी वाचलं, "मैना बुधाजी नाखवा." मैनाबाई पदर सारखा करतेय तोवर गंगाबाई ताडताड पुढं गेली आणि स्टुलावर बसली.

"उठ गो! माजं नाव हाय!" मैनाबाई ओरडली.

"तू माज्या जागेवर बसलीस, मी तुज्या जागेवर बसले. फिटंफाट," गंगाबाई म्हणाली आणि कॅमेऱ्याकडं बघून मान ताठ करून हसली.

बटण दाबलं. मग मास्तरांनी वाचलं, "गंगाबाई गणू कोळी." आता मैनाबाई काय मागं राहतेय? तीही गेली आणि बसली. तिचं तोंड रागानं फुगलेलं, ते तसंच फोटोत आलं. मास्तर नवीन होते, बाहेरगावचे. त्यांना सगळ्या नाकात नथ घातलेल्या बाया सारख्याच. काही महिन्यांनी कार्डं आली तेव्हा मैनाबाईच्या नावावर गंगाबाई हसत होती आणि गंगाबाईच्या नावावर मैनाबाई फुगली होती. यादीतही तेच फोटो चिकटले. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

आता कोणी म्हणेल, एक अर्ज केला की फोटो बदलून मिळतो. मिळतो ना! कचेरीतल्या कारकुनानं तेव्हाच सांगितलं होतं, चूक कोणाची आणि कशी झाली ते दोन ओळीत लिहा, खाली अंगठा करा, एकाच अर्जात दोघींचं काम होईल. पण चूक कोणाची? मैनाबाई म्हणे, स्टुलावर आधी ती बसली, तिनं लिहावं. गंगाबाई म्हणे, कोपऱ्यात आधी ती बसली, तिनं लिहावं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा दोन बाया. अर्ज बावीस वर्षं कोरा राहिला.

मग मत कसं द्यायच्या? अहो, जोडीनं! न बोलता. एकटी गेली की केंद्रावरचा साहेब कार्ड बघायचा, तोंड बघायचा आणि बाजूला काढायचा. आधार दाखवलं तर म्हणायचा, आधारवर तुम्ही आहात पण यादीत भलतीच बाई आहे. पण दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि कार्डं अदलाबदल करून धरली की त्याच्या डोक्यात उजेड पडायचा. कोळीवाड्यातले चार जण साक्षीला असायचेच. तेव्हा दर निवडणुकीला सकाळी सातच्या ठोक्याला, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन बाया, एकमेकींचं तोंड दाखवायला एकत्र जायच्या.

त्यांना न्यायचा हाफिज. हाफिज म्हणजे बाजाराला बर्फ पुरवणारा, बर्फाच्या लाद्या वाहायचा तीनचाकी टेम्पो असलेला पन्नाशीचा गृहस्थ. दोघींचा निरोप्याही तोच. मधे गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, एका बाजूला मैनाबाई, दुसऱ्या बाजूला गंगाबाई, आणि बोलणं सगळं हाफिजच्या पाठीशी.

"हाफिज, सांग तिला, पाय आवर. माज्या वहाणेवर ठेवलाय."

"हाफिज, सांग तिला, वहाण सरकव."

"या अल्ला," हाफिज म्हणायचा. "मावशी, दोन फुटांवर बसल्यात तुम्ही. माझा गियर तरी नीट पडू द्या."

असं बरं चाललं होतं. पण गेल्या वर्षी गंगाबाईचे गुडघे गेले. मुलगा निकेश तिला खांदा कॉलनीत आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला. डॉक्टर जवळ, लिफ्ट आहे, आई बरी होईस्तोवर इथंच. कोळीवाड्यातल्या घराला कुलूप लागलं. नळाजवळचा कोपरा रिकामा पडला. त्या रिकाम्या कोपऱ्यात मैनाबाईनं कोणालाही बसू दिलं नाही. एका नव्या बाईनं पाटी ठेवली तर ती उचलून थेट रस्त्यावर नेऊन ठेवली. का, असं विचारलं तर म्हणाली, "जागा तिची हाय. मला काय करायचंय, पण जागा तिची हाय."

आणि मग आली रिया.

रिया अंगणवाडीची बाई, पंचवीस-सव्वीसची, गोड मुलगी, पण तिच्या हातात सरकारी काम आणि मोबाईल. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, घरोघरी जाऊन यादी तपासायची होती. ती कोळीवाड्यात शिरली, मोबाईलवर मैना बुधाजी नाखवा हे नाव काढलं, फोटो मोठा केला आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "ह्या बाई इथं राहतात का हो?"

म्हाताऱ्यांनी फोटो बघितला. गंगाबाईचा हसरा फोटो. "हिता व्हती," ते म्हणाले, "आता खांदा कॉलनीत गेली पोराकडं."

रियानं बटण दाबलं: स्थलांतरित.

पुढचं नाव गंगाबाई गणू कोळी. तिनं दुसरा फोटो दाखवला. "आणि ह्या?"

"ही? ही काय बसलीय वट्यावर, बोंबील निवडतेय."

रियानं दुसरं बटण दाबलं: पत्त्यावर हजर.

म्हणजे बघा गंमत! जी गेली ती सरकारदरबारी इथं राहिली, आणि जी वट्यावर बसून बोंबील निवडत होती ती राहायला गेली. रिया निघाली तशी मैनाबाईनं हाक मारली, "पोरी, माजं नाव बघितलंस काय? मैना बुधाजी."

रिया थबकली. मोबाईल बघितला, बाई बघितली, पुन्हा मोबाईल बघितला. "आजी, तुम्ही तर गंगाबाई ना?"

त्यानंतर कोळीवाड्यात जे झालं ते ऐकून समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मैनाबाईनं आधार आणलं, रेशन कार्ड आणलं, बुधाजीचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून आणला. रियाला सगळं पटलं. पण तिच्या मोबाईलला पटेना.

"आजी, ह्यात चारच बटणं आहेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हजर, स्थलांतरित, मयत आणि दुबार. थोबाड शेजारणीचं, असं बटणच नाही. आणि एकदा दाबलेलं मागं घेता येत नाही."

"मग आता?"

"आता तुम्हाला नोटीस येईल. सुनावणीला जायचं. फोटोतली बाई समोर उभी करायची, म्हणजे घोळ साहेबांना कळेल. नाहीतर नाव कापलं जाईल."

मैनाबाई बुधाजीच्या फोटोकडं वळली. नाव कापणार! म्हणजे ह्या निवडणुकीत मत नाही. म्हणजे पाच वर्षं शिव्या नाहीत. पाच वर्षं मागं उभं राहून जनीसारखी मान हलवायची. सहासष्ट अधिक पाच, एकाहत्तर. पुढची निवडणूक बघायला मिळतेय का नाही कोणी सांगावं? शिव्या न देताच मरायचं?  आणि फोटोतली बाई आणायची म्हणजे त्या बाईच्या दारात जायचं, बावीस वर्षांनी. अडला हरी म्हणतात तो हाच.

आठ दिवसांनी नोटीस आली. हाफिजनं बाजारात वाचून दाखवली. सुनावणी गुरुवारी, सकाळी अकरा, दुसरा मजला.

"चल मावशी, आत्ता जाऊ खांदा कॉलनीला," हाफिज म्हणाला.

"मी नाय जात. तू जा, तिला सांग."

"बावीस वर्षं सांगतोय. आता माझीही उमर झाली. ह्या वेळी तुम्ही बोला."

जनीनं मधे तोंड घातलं. "जा गो मैना. मी पाच वर्षं गप बसलेय, मला म्हायीत हाय. गुदमरायला व्हतं."

मैनाबाईनं हलव्याचे दोन ताजे मासे फडक्यात बांधले. भेट म्हणून नाही हां, उरले होते म्हणून. सकाळचे नऊ वाजले होते आणि हलवा कधी सकाळी नऊला उरतो का? 

चौथ्या मजल्यावर निकेशनं दार उघडलं, माशाचा वास घेतला आणि काही न विचारता आईच्या खोलीत नेलं. गंगाबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना पट्टे, समोर खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची खिडकी. अंगानं निम्मी झाली होती. मैनाबाईला ते बघवलं नाही. तिनं भिंतीकडं बघून सुरुवात केली.

"हाफिज, तिला सांग, नोटीस आलीय."

"हाफिज, तिला विचार, कसली."

हाफिजनं नोटिशीचा कागद खाटेवर ठेवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "माझा बर्फ वितळतोय. मी खाली आहे." आणि निघून गेला. बेइमान!

खोलीत दोघी राहिल्या. निरोप्या नाही. पंखा फिरत होता. मैनाबाईनं पंख्याला सांगितलं, "तुजा फोटो माज्या नावावर हाय. लोकं बोलली तू हिता आलीस. माजं नाव कापतात."

गंगाबाई खिडकीला म्हणाली, "माजं?"

"तुजं ऱ्हायलं. तू हजर हायस. मी बसलेली व्हती ना वट्यावर."

गंगाबाईनं तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मैनाबाईला वाटलं रडतेय. बघते तर बया हसत होती. पोट धरून, गुडघे धरून, खोकला येईस्तोवर. आणि हसता हसता म्हणाली, "म्हंजे तू बसलीस नि मी ऱ्हायले? पुन्ना माज्या जागेवर बसलीस काय गो?"

बावीस वर्षांनी सरळ तोंडावर आलेलं पहिलं वाक्य हे. मैनाबाईला राग यायला हवा होता. पण तिला काय झालं कोणास ठाऊक, तीही हसली, आणि हसता हसता चौदा दातांमधून म्हणाली, "येतेस काय?"

"गुडघा वाकत नाय."

"नको वाकवूस. तसाच आण."

गुरुवारी निकेशनं आईला लिफ्टनं खाली आणलं, हाफिजनं टेम्पोत प्लास्टिकची खुर्ची बांधली, आणि गंगाबाई बर्फाच्या दोन लाद्यांच्या मधोमध गणपतीसारखी बसून कचेरीच्या आवारात पोचली. दुसरा मजला, आणि लिफ्ट बंद. मैनाबाई जिने चढून एकटीच साहेबासमोर उभी राहिली.

साहेब तरुण होता, पण त्या आठवड्यातल्या सुनावण्यांनी म्हातारा दिसत होता. त्यानं कागद बघितला. "फोटोतली व्यक्ती कुठंय?"

"खाली टेम्पोत."

"वर आणा."

"वर येत नाय. गुडघा हाय."

"आजी, मला ओळख पटवायची आहे."

"मग खिडकीतून बघ की बाबा."

साहेबानं खरंच बघितलं. खिडकीतून अर्धा बाहेर वाकला, एका हातात यादीचा कागद, दुसऱ्या हातानं चष्मा सावरतोय. खाली दीडशे माणसं रांगेत, आणि मधोमध टेम्पोत खुर्चीवर बाई. साहेब ओरडला, "ओ आजी, मान वर करा!" गंगाबाईनं मान वर केली, पदर सावरला आणि बावीस वर्षांपूर्वीसारखीच हसली. रांगेतले लोक टाळ्या वाजवायला लागले. कोणी म्हणालं, बर्फात ठेवली म्हणून टिकली. शेवटी साहेबाला लाज वाटली आणि तो कागदपत्रं घेऊन खाली आला.

टेम्पोच्या फाळक्यावर फाईल ठेवून सुनावणी सुरू झाली. साहेबानं दोन्ही कार्डं, दोन्ही आधार, दोन्ही बाया समोर मांडल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पण साहेब हुशार होता, त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला.

"म्हणजे मैनाबाई हजर. बरोबर. मग स्थलांतरित कोण? खांदा कॉलनीत राहायला तर तुम्ही गेलात, गंगाबाई. मग नाव तुमचं जायला हवं."

गंगाबाईचं हसणं थांबलं. ती साक्षीला आली होती, आणि आता तिचंच नाव पणाला लागलं. निकेश पुढं होऊन म्हणाला, "आई, जाऊ दे. खांदा कॉलनीतच नाव लावू." पण म्हातारीनं कनवटीची घराची किल्ली घट्ट धरली. "घर हाय माजं कोळीवाड्यात," ती म्हणाली. "पोराकडं मी गुडघ्यासाठी गेलेय. मी परत जानार हाय."

"आजी, घर आठ महिने बंद आहे असं अंगणवाडीच्या बाईंनी नंतर कळवलंय. बंद घराला राहतं घर कसं म्हणू?"

"बंद कोन बोललं?" मैनाबाई मधेच ओरडली. "रोज तिचं आंगन झाडतं कोन? तुळशीला पानी घालतं कोन? सनाला दारात रांगोळी काढतं कोन? घर चालू हाय साहेब. फकस्त ती तिथं नसते."

 गंगाबाई वळून मैनाबाईकडं बघत राहिली.

"तू झाडतेस?"

"कचरा वाऱ्यानं माज्या दारात येतो म्हनून," मैनाबाई म्हणाली. "तुज्यासाठी नाय."

"आन् तुळस?"

"ती सुकली असती तर तिचापन कचराच झाला असता," मैनाबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

साहेबानं थोडा वेळ पेन कानामागं ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग लिहिलं. मैना बुधाजी नाखवा, समक्ष हजर, नाव कायम. गंगाबाई गणू कोळी, औषधोपचारासाठी तात्पुरत्या बाहेर, घराची देखभाल चालू असल्याबाबत शेजाऱ्यांची साक्ष, नाव कायम. दोन्हीकडं सही ठोकली.

"आता एकच काम," तो म्हणाला. "फोटो बदलून घ्या, म्हणजे पुन्हा हा तमाशा नको. चूक कोणाची, कशी झाली, दोन ओळी लिहा. मी आत्ताच घेतो."

हाफिजनं डोळे मिटून घेतले. बावीस वर्षांची शिळी कढी आता उतू जाणार, ही त्याची खात्री. पण झालं भलतंच.

"लिहा साहेब," गंगाबाई म्हणाली, "चूक माजी. स्टुलावर मी बसले."

"काय लिहू नका साहेब," मैनाबाई पुढं झाली, "चूक माजी. तिच्या जागेवर आदी मी बसली."

"पन तुज्या जागेवर पानी गळत व्हतं गो!"

"मग? विचारायचं तोंड नवतं काय मला? चूक माजी हाय."

"माजी हाय. मी बोलते ना!"

"तू कोन बोलनारी? माजी चूक मला म्हायीत नाय?"

आणि भांडण लागलं. बावीस वर्षं साठवलेलं, कडकडीत, आवार दणाणून सोडणारं. चूक तुझी नाही, माझी आहे, आणि तू खोटं बोलतेस, तू सून म्हणून आलीस तेव्हापासून खोटारडी! साहेब दोन्ही हात वर करून म्हणाला, "आजी, आजी! अर्जात एकीचीच चूक लिहितात!"

"मग माजी लिहा," दोघी एकदम म्हणाल्या.

"ठरवून या," साहेब म्हणाला, कोरा अर्ज मैनाबाईच्या हातात कोंबला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळाला.

मतदानाच्या दिवशी हाफिजनं न सांगता टेम्पो आधी खांदा कॉलनीला नेला. सात वाजता दोघी केंद्रावर. टेबलामागचा माणूस कार्डं बघून गडबडला तेव्हा मैनाबाई म्हणाली, "माज्याकडं बघू नको, तिच्याकडं बघ," आणि गंगाबाई म्हणाली, "माजं हिच्याकडं हाय." चार साक्षीदार हसले, दोन सह्या झाल्या, दोन बोटांना शाई लागली. दोघींनी मतं दिली. कोणाला दिली, हे त्यांनी एकमेकींनाही सांगितलं नाही.

परत येताना मधे बर्फाची लादी नव्हती. मैनाबाई खुर्चीला टेकून बसली होती, हात गंगाबाईच्या गुडघ्यावर, टेम्पो खड्ड्यात गेला की दाबून धरायची. अर्ज अजून तिच्या कमरेच्या पिशवीत होता, घडी घालून, कोरा.

"मैना," गंगाबाई म्हणाली, "तो अर्ज भरून टाक. चूक तुजी लिही नायतर माजी लिही. पाच वर्षांनी मी असंन नसंन. मग तुला कोन दाखवायचं?"

मैनाबाईनं झटक्यात वळून तिच्याकडं बघितलं. डोळे भरून आलेले, आणि आवाज बाजारातला. "मरायचं नाव काढलंस तर हितंच उतरवीन तुला! पाच वर्षं मरायचं नाय. माजं थोबाड तुज्याकडं हाय गो."

"म्हनून तर बोलते, भर."

"नाय भरत," मैनाबाई म्हणाली. "येशील तू."